गिऱ्हाईक कोण आणणार? : चालत्या धंद्याला हात देणाऱ्या संस्थांचा एक अभ्यास

आपल्या निवासी शाळेत महिन्याच्या शेवटच्या रविवारी पालकभेट असते, हे येथून शिकून गेलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. मुले सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून असतात आणि दहा वाजल्यापासून एस.टी.तून उतरलेले आईवडील डब्यांच्या पिशव्या घेऊन येऊ लागतात. इतिहासाचे शिक्षक म्हणून पालक आम्हांला दोनच कारणांसाठी गाठतात. मुलाचे गुण विचारण्यासाठी, आणि कोणत्या तरी सरकारी अर्जातील भाषेचा अर्थ समजून घेण्यासाठी. अलीकडे दुसरे कारण अधिक वाढले आहे.

मागे एका भेटीच्या दिवशी कोल्हापुरी चपला करणारे एक पालक आमच्यासमोर एक जुनी वही घेऊन बसले. वहीत तीन रकाने होते : उचल, दिलेला माल आणि बाकी. सोळा वर्षांचा हिशेब होता आणि सोळा वर्षांत ‘बाकी’च्या रकान्यात एकदाही शून्य आलेले नव्हते. ते म्हणाले, “सर, आमचा धंदा बुडालेला नाही. बंदही पडलेला नाही. वर्षभर हाताला काम आहे. मग तो वाढत का नाही, एवढेच सांगा.”

आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. नवा धंदा कसा सुरू करावा यावर शिबिरे होतात, पुस्तिका निघतात, व्याख्याने होतात. आपल्या समाजातही ‘नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हा’ हे वाक्य आता प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. परंतु जो धंदा आधीपासून चालू आहे, ज्यात दोन पिढ्यांचे कसब आहे, जो मरत नाही आणि वाढतही नाही, त्याचे काय करावे, याविषयी फार थोडे बोलले जाते. कोणत्याही जिल्ह्याची आर्थिक वाढ बाहेरून आलेल्या एखाद्या मोठ्या कारखान्यावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती अशा शेकडो लहान धंद्यांच्या वाढीवर अवलंबून असते. त्या वाढीसाठी महामंडळे, उद्योजकांच्या संघटना, व्यापारी मंडळे, बचत गटांचे संघ अशा प्रादेशिक संस्था काय करू शकतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. उदाहरण म्हणून त्या पालकांच्याच धंद्याचे घेतो. परंतु आमचा विषय इतिहास असल्याने प्रारंभ शंभर वर्षे मागे जाऊन करू.

दोन दुकाने

पहिले दुकान मुंबईतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये लंडनहून परतले, करारानुसार बडोदा संस्थानच्या सेवेत गेले आणि तेथे राहण्यासाठी छप्परही मिळू न दिले गेल्याने मुंबईला परत आले, ही हकिकत आपल्या मुलांना पाठ असते. त्यापुढची हकिकत मात्र क्वचित सांगितली जाते. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होण्यापूर्वीच्या काळात चरितार्थासाठी बाबासाहेबांनी समभाग व रोखे यांच्या व्यवहारांत सल्ला देणारे एक कार्यालय सुरू केले होते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केलेला माणूस त्या वेळच्या मुंबईच्या बाजारात सल्ला देण्यास किती लायक असेल, हे सांगण्याची गरज नाही. काम येऊही लागले. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कार्यालय बंद करावे लागले.

या दुकानात ज्ञान होते, कसब होते. नव्हते ते गिऱ्हाईक.

दुसरे दुकान कोल्हापुरातील. राजवाड्याच्या सेवेतील गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना इतर सेवकांनी मारहाण केली. छत्रपती शाहू महाराज परत आल्यावर त्यांनी अपराध्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. त्यातून भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल उभे राहिले. हॉटेल स्वच्छ होते, चहा उत्तम होता, मालक कष्टाळू होता, आणि तरीही बाकडी रिकामी राहत. येथपर्यंत दोन्ही दुकानांची कथा एकच आहे. पुढे ती बदलते. महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही तो पाजू लागले. राजा जेथे चहा पितो तेथे चहा पिण्यास नकार देणे कोणाला परवडणार? रिकामी बाकडी भरू लागली.

ही गोष्ट आम्ही वर्गात अनेक वर्षे ‘महाराजांची उदारता’ या मथळ्याखाली शिकविली. वही घेऊन आलेल्या त्या पालकांमुळे ती आम्हांला निराळी दिसू लागली. महाराजांनी धंद्यासाठी मदत दिली, हे खरेच. पण हॉटेल सुरू झाल्यावरही ते बुडण्याच्या मार्गावर होते. ते तगले ते बाजार दारात आणला गेला तेव्हा. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवून गुळाला बाजार दिला, त्यामागची दृष्टी आणि एका चहाच्या हॉटेलासमोर गाडी थांबविण्यामागची दृष्टी एकच होती, असे आम्हांला वाटते. उत्पादन करणारे हात आहेत, त्यांना विकत घेणाऱ्यापर्यंत नेणारी वाट नाही, आणि ती वाट एकट्या माणसाला बांधता येत नाही. आज राजा नाही. त्याच्या गाडीचे काम एखाद्या संस्थेने करावयाचे असते.

चपलेचा प्रवास

आता त्या पालकांच्या वहीकडे येऊ. कोल्हापुरी चप्पल, म्हणजे इकडच्या बोलीत पायताण, किती हातांतून जाते हे ती पायांत घालणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. प्रथम कातडे कमावणारा येतो. हे काम परंपरेने ढोर समाजाकडे राहिले. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवायचे, मग ते पिशवीसारखे शिवून त्यात तेच पाणी भरून टांगून ठेवायचे, अशी ही रीत आहे. तिला दिवस लागतात आणि वासही सोसावा लागतो. त्यानंतर चामडे चर्मकार कारागिराकडे जाते. तो ते भिजवितो, रापीने कापतो आणि तळ, टाच, पट्टा, अंगठा, दोन्ही बाजूंचे कान असे भाग तयार करतो. शिवण चामड्याच्या वादीची असते. अस्सल चपलेत खिळा नसतो. वेणी घालणे, गोंडा लावणे, बारीक शिवण ही कामे घरातील स्त्रिया करतात. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, अथणी असे तिचे प्रकार आहेत आणि जाणकार माणूस चप्पल हातात घेताच ती कोणत्या गावची हे सांगू शकतो.

शेवटी व्यापारी येतो. चामड्यासाठी पैसे तोच आगाऊ देतो. या आगाऊ रकमेला उचल म्हणतात. उचल घेतली की माल त्यालाच द्यावयाचा आणि भावही त्यानेच ठरवावयाचा. आम्ही व्यापाऱ्याला खलनायक करू इच्छित नाही. त्याच्याखेरीज दुसरे कोणी कारागिराच्या दारात पैसे घेऊन येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. परंतु वहीतील महिने पाहिले तेव्हा उचल केव्हा घेतली जाते हे स्पष्ट झाले. ती जून ते सप्टेंबर या काळात घेतली जाते. पावसाळ्यात कोल्हापुरी चप्पल कोणी घालत नाही, विक्री बसते, दमट हवेत तयार जोडांवर बुरशी येते म्हणून माल मिळेल त्या भावाला काढावा लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च येतो. ऑक्टोबरात बाजार उघडतो तेव्हा कारागीर आधीच बांधला गेलेला असतो. दसरा-दिवाळीचा नफा त्याच्या घरी येत नाही.

म्हणजे या धंद्याचे दुखणे भांडवल या एका शब्दात सांगता येणारे नाही. त्याला चार महिने कोरड्या जागेत माल ठेवण्याची सोय हवी. घाऊक भावाने चामडे हवे. वर्षभर घेणारे गिऱ्हाईक हवे. यांतील एकही गोष्ट एका घराच्या आवाक्यातील नाही, पण चाळीस घरांच्या आवाक्यातील प्रत्येक आहे. त्यातच 2015 पासून महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे कातडे त्या बंदीत नसले तरी कातड्याचा एकूण बाजार आकसला आणि चणचणीची झळ सुट्या कारागिरालाच आधी लागली. मोठा खरेदीदार दुसऱ्या प्रांतातून गाडी भरून चामडे आणू शकतो, दोन-चार कातडी घेणारा आणू शकत नाही.

कोल्हापुरातच याच्या उलट उदाहरणही आहे. तेथील ओतकामाच्या कारखानदारांनी आपल्या संघटना बांधल्या, औद्योगिक समूहाच्या योजनांचा लाभ घेतला आणि साच्यासाठी वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामाईक प्रकल्प उभारला. एका कारखान्याला जे यंत्र परवडत नव्हते ते सर्वांनी मिळून घेतले. एकमेकांचे स्पर्धक असूनही ते एका टेबलाशी बसू शकले, याचे कारण त्यांच्याजवळ मुळात बसण्यापुरती उसंत होती. उचलीत बांधलेल्या माणसाला ती नसते. म्हणून त्याच्यासाठी कोणीतरी बाहेरून येऊन टेबल मांडावे लागते.

टेबल मांडणाऱ्या संस्था

महाराष्ट्रात हे काम करण्यासाठी 1 मे 1974 रोजी चर्मोद्योग विकास महामंडळ स्थापन झाले. आज ते संत रोहिदास यांच्या नावाने आणि ‘लिडकॉम’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. कर्नाटकात 1976 मध्ये ‘लिडकर’ आले. त्या महामंडळाला आता डॉ. बाबू जगजीवनराम यांचे नाव आहे. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या गटई कामगाराला पत्र्याचा स्टॉल देणे, प्रशिक्षण, कर्जवाटप, प्रदर्शनांत जागा मिळवून देणे, अशी कामे या महामंडळांकडून होत आली. गटई कामगाराचा स्टॉल ही वरकरणी क्षुल्लक बाब वाटेल, पण ऊन-पावसात बसणाऱ्या माणसाला ठरलेली जागा मिळाली की त्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळते. योजना आखणाऱ्याने ही गोष्ट हेरली होती.

तरी आमचे मत असे, की मागासवर्गीयांसाठीच्या महामंडळांचा कल दीर्घकाळ कर्जवाटपाकडे झुकला. वाटलेले कर्ज अहवालात आकड्याने दाखविता येते. आणलेले गिऱ्हाईक दाखविता येत नाही. बाजाराशिवाय दिलेले कर्ज म्हणजे व्यापाऱ्याच्या उचलीशेजारी सरकारी उचल. आमच्या त्या पालकांनी एकदा एका बँकेच्या शाखेत अर्ज केला होता. त्यांना दोन सरकारी नोकर जामीनदार आणण्यास सांगण्यात आले. त्यांच्या साऱ्या नात्यात एकच सरकारी नोकर होता आणि तो आधीच तिघांना जामीन राहिलेला होता!

याहून निराळी वाट बेळगाव जिल्ह्यातील अथणी येथे चोखाळली गेली. 1990च्या दशकाच्या अखेरीस, राष्ट्रीय चर्म विकास कार्यक्रमाच्या आधाराने, बंगळूरच्या ‘असेंट’ या संस्थेने तेथील कारागीर स्त्रियांचे बचत गट बांधले. ‘टोहोल्ड’ या नावाने त्यांचे सामूहिक उत्पादन बाजारात आले आणि परदेशांतही गेले. या प्रयोगातील दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, स्त्रीचे काम हिशेबात आले. वेणी घालणारी, शिवणारी बाई त्यापूर्वी ‘घरात मदत करते’ एवढ्याच शब्दांत ओळखली जाई. तिच्या कामाला दाम नव्हता, कारण त्याला नावच नव्हते. बचत गटामुळे तिच्या नावाचे खाते झाले आणि सावकाराकडे न जाता चामडे घेण्याची सोय झाली. दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. जुन्या पद्धतीच्या चपलेत मापाचा काटेकोरपणा नसे. डावी-उजवीतला फरकही पाय घालून घालूनच पडत असे. गावातील गिऱ्हाईक समोर बसून माप देत असल्याने ते चालून जाई. परगावचा खरेदीदार मात्र कागदावर ‘माप सात, दोनशे जोड’ एवढेच लिहितो आणि दोनशेही सारखे असावेत अशी त्याची अपेक्षा असते. कारागिराला ही अपेक्षा समजावून देणे, तिच्यासाठी साचे व प्रशिक्षण देणे, हे काम संस्थेने केले. कसब कारागिराचेच होते. दूरच्या बाजाराची भाषा त्याला अपरिचित होती, तेवढी कोणीतरी शिकविली.

नावाची मालकी

धंद्याच्या वाढीतील तिसरी बाब म्हणजे नाव. ‘कोल्हापुरी’ या नावाखाली कृत्रिम चामड्याच्या, यंत्रावर कापलेल्या चपला देशभर विकल्या जातात. त्याला आळा घालावयाचा तर नाव कायद्याने राखले पाहिजे. 1999च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही महामंडळांना मिळून डिसेंबर 2018 मध्ये ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाचे मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमावादात जी दोन राज्ये सहसा एका कागदावर सह्या करीत नाहीत, ती येथे एकत्र आली. चपलेने ते करून दाखविले.

या मानांकनाचा उपयोग काय, हे सात वर्षांनी साऱ्या जगाला कळले. जून 2025 मध्ये मिलान शहरातील ‘प्राडा’ या बड्या फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला घालून पुरुष मॉडेल चालले. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, भारताचाही नव्हता. येथे संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेने कंपनीला पत्र लिहिले आणि कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांत असल्याचे मान्य केले. दरम्यान काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कारण विचार करण्याजोगे आहे. नावाची नोंदणी ज्यांच्याकडे आहे ती महामंडळे न्यायालयासमोर नव्हती, आणि हक्क सांगावयाचा तर तो नोंदणीकृत मालकानेच सांगावा लागतो.

येथे आम्ही वर्गात थोडा वेळ थांबतो. समाजमाध्यमांवर लाखो लोक रागावले होते. त्यातल्या एकाच्याही रागाला कायद्यात स्थान नव्हते. स्थान होते ते एका नोंदवहीतील दोन नावांना. पुढे कंपनीचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले आणि डिसेंबर 2025 मध्ये लिडकॉम, लिडकर व प्राडा यांच्यात करार झाला. त्यानुसार महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून सुमारे 2,000 जोड करून घेऊन ते जगभरच्या दुकानांत प्रत्येकी सुमारे 800 युरोंना विकण्याची योजना जाहीर झाली. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये काही शे रुपयांपासून मिळणारी हीच वस्तू. मिलानची कंपनी सुभाषनगरातील एखाद्या एकट्या कारागिराशी करार करण्यास कधीच बसली नसती. ती बसली कारण समोर बसण्यास एक संस्था होती.

तरीही या बातमीने हुरळून जाऊ नये. दोन हजार जोड ही संख्या आठ जिल्ह्यांत विभागली तर घरटी काय येईल, याचे गणित आमच्या सातवीच्या मुलांनीही फळ्यावर करून पाहिले. शिवाय नाव महामंडळांचे झाले म्हणून ते आपोआप कारागिराचे होत नाही. प्रत्येक कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. वही घेऊन आलेल्या पालकांना ही तरतूद ठाऊक नव्हती आणि खरे सांगावयाचे तर तोवर आम्हांलाही नव्हती.

एक अडचणीचा प्रश्न

हा लेख वाचताना अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जातीने लादलेला धंदा वाढवा, असे आंबेडकरी शिक्षकाने लिहावे काय?

1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे सोडा असे सांगितले. ते सोडल्याने आपल्या लोकांचे उत्पन्न बुडते, कातडे, शिंगे, खूर यांची किंमत हातची जाते, असा हिशेब पुढे वृत्तपत्रांतून मांडला गेला. नागपूरच्या 15 ऑक्टोबर 1956च्या भाषणात बाबासाहेबांनी त्या हिशेबाची आठवण काढून त्याचा समाचार घेतला होता. इतका फायदा असेल तर तो इतरांनी खुशाल घ्यावा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. त्या उत्तरात आमच्या मते अर्थशास्त्र आणि स्वाभिमान दोन्ही आहेत. जो धंदा सोडण्याची मोकळीक नाही आणि ज्याचा भाव दुसरा ठरवितो, तो धंदा नसून वेठ असते. तिच्यात कितीही पैसे असोत.

म्हणून आम्ही अशा प्रत्येक योजनेला एक प्रश्न विचारतो : या योजनेतून कारागिराच्या मुलीला बाहेर पडण्याची वाट रुंद होते की अरुंद? सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेली केंद्राची विश्वकर्मा योजना घ्या. पाच टक्के व्याजाने, तारणाशिवाय आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, या तिच्या तरतुदी उपयुक्त आहेत आणि पात्र असणाऱ्याने त्या अवश्य घ्याव्यात. पण तिच्यातील अठरा व्यवसायांची यादी वाचताना गावगाड्यातील बलुत्यांची यादी आठवल्यावाचून राहत नाही. बापाचा धंदा मुलाने चालविणे हे परंपरेचे जतन म्हणून गौरविले जाते तेव्हा आम्हांला अस्वस्थ वाटते. वकिलाच्या मुलाने वकील व्हावे यासाठी मात्र सरकारला योजना काढावी लागत नाही.

दुसरीकडे, आज चपला करणाऱ्या हजारो घरांना ‘हा धंदा सोडा’ एवढेच सांगून निघून जाणे म्हणजे त्यांना उचलीच्या वहीत सोडून जाणे आहे. ज्याच्या हातात चार पैसे उरतात त्याचीच मुले दुसरीकडे जाऊ शकतात. आपल्या वसतिगृहाच्या हजेरीपटाकडे पाहिले तर हे दिसून येईल. म्हणून धंदा वाढावा, त्याची मालकी व त्याचे नाव कारागिराकडे यावे, आणि त्यातून मिळालेल्या पैशाने त्याच्या मुलांनी वाटल्यास चामड्याचा मोठा कारखाना काढावा, वाटल्यास इंजिनिअर व्हावे, वाटल्यास इतिहासाचे शिक्षक व्हावे. या मताशी आमचे काही सहकारी सहमत नाहीत आणि शिक्षकखोलीत यावर अनेकदा चहा थंड झाला आहे.

खरेदीचे टेबल

माजी विद्यार्थ्यांसाठी एका तरतुदीचा विशेष उल्लेख करतो. केंद्र सरकारच्या 2012च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. तो प्रारंभी वीस टक्के होता, आता पंचवीस टक्के आहे. त्यातील चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावयाचे आहेत. 2005 मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या ‘डिक्की’ने, म्हणजे दलित उद्योजकांच्या चेंबरने, या तरतुदीसाठी आग्रह धरला होता. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलासमोर थांबलेल्या गाडीचे हे कायद्यातील रूप आहे, असे आम्ही मुलांना सांगतो. मात्र ही गाडी आपोआप थांबत नाही. पुरवठादाराची नोंदणी, निविदा, नमुना, माप, मुदत या सर्वांतून जावे लागते. आपल्या शाळेतून गेलेले अनेकजण आज रेल्वेत, बँकांत, विमा कंपन्यांत, संरक्षण खात्याच्या कारखान्यांत आहेत. काहीजण खरेदीच्या टेबलावरच आहेत. निविदेचा कागद कसा भरावा, एवढे त्यांनी सुटीत येऊन चार पालकांना सांगितले तरी ते कोणत्याही देणगीपेक्षा मोठे होईल.

हे सारे वर्गात शिकवून झाल्यावर नववीतील एका मुलीने आम्हांला विचारले, “सर, आपल्या शाळेच्या चपला कोण करतं?”

आम्ही कार्यालयातील खरेदीवही काढली. वसतिगृहातील मुलामुलींसाठी दरवर्षी घेतल्या जाणाऱ्या चपला शहरातील एका घाऊक दुकानातून, सर्वांत कमी दराच्या निविदेने येत होत्या आणि त्या रेक्झीनच्या होत्या. ज्या शाळेत पायताण करणाऱ्यांची बावीस मुले शिकतात त्या शाळेत!

व्यवस्थापन समितीने प्रयोग म्हणून साठ जोडांची मागणी चार पालकांना मिळून देण्यास मान्यता दिली. पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरात माल द्यावयाचा ठरला. पहिले नमुने आले तेव्हा ‘माप पाच’ असे लिहिलेल्या तीन जोडांच्या तीन लांबी निघाल्या. आम्ही ते परत केले. वहीवाल्या पालकांना ते फार लागले. शाळेनेच माल परत करावा, हे त्यांना अपेक्षित नव्हते, आणि आम्हांलाही तो दिवस जड गेला. मग चौघांनी वर्गणी काढून मापांच्या फर्म्यांचा एकच संच घेतला, तो चौघांत फिरवू लागले आणि कापण्याचे सारे काम एकाच घरी करू लागले. दुसऱ्या खेपेस साठांपैकी बावन्न जोड पसंत झाले. लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे असा 2006चा कायदा आहे. आमच्या लेखनिकांनी ते अकराव्या दिवशी चुकते केले, कारण बाराव्या दिवशी चामड्याचा बाजार होता.

उरलेले आठ जोड उसवून पुन्हा शिवले जात आहेत. मागच्या पालकभेटीला ती वही पुन्हा आमच्या टेबलावर आली. तिच्यात आता चौथा रकाना आखलेला आहे आणि त्याच्या माथ्यावर शाळेचे नाव आहे. उचलीची बाकी अजून आहे. पण यंदाच्या पावसाळ्यात ती वाढलेली नाही.